बॅटरी संपली नव्हती

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि पिल्लू मजेत असाल. पिल्लूचा खोकला थांबला का? इकडे मी ठीक आहे, बाबाही ठीक आहेत. नळ दोनदा गोठला. बाबांनी पाइपाला जुनं ब्लँकेट गुंडाळलंय आणि वर माझा शाळेतला पट्टा आवळलाय, त्यामुळे मोरीत कुणीतरी आजारी माणूस उभं असल्यासारखं दिसतं. जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय. शेजारच्या शिंपीणमावशी तुझी चौकशी करतात. "साहेब कधी येणार बाबांना न्यायला?" म्हणतात. रविवारी, असं मी सांगितलंय.

पत्र बघून तू वहिनीला विचारशील, "हिला फोन करायला काय धाड भरली होती?" फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येच बंद केला असतास. कागद बंद करता येत नाही. फाडता येतो, पण मग काय फाडलंस ते वहिनीला सांगावं लागेल.

पत्रासोबतच्या खोक्यात तुझा जुना फोन आहे. मी तपासणीसाठी मागितला तेव्हा तू हसून दिला होतास. "घे, ठेव, माझ्या काय कामाचा," म्हणालास. तो आता कामाचा आहे. पूर्ण चार्ज केलाय.

आधी दुकानाचं सांगते. बाबांनी आवरायला घेतलंय. कोऱ्या किल्ल्या टांगायचे लाकडी फळे भिंतीवरून उतरवले. त्यांच्या मागचा रंग अजून नवा आहे, त्यामुळे भिंतीवर फळ्यांच्या आकाराच्या खिडक्या उघडल्यासारख्या वाटतात. कानशी पुसून तेल लावून फडक्यात बांधल्या. गिऱ्हाईक येतात. काल एक बाई रडवेली होऊन आली, दार बाहेरून लागलं आणि किल्ली आत. बाबा नेहमीप्रमाणे उठले, पेटी उचलली, दारापर्यंत गेले. मग थांबले आणि तिला पुलापलीकडच्या दुसऱ्या कुलूपवाल्याचा पत्ता दिला. ती गेल्यावर मला म्हणाले, "तो दार फोडून ठेवील बघ. त्याला घाई फार."

तुला ठाऊकच आहे, कुलपाच्या आतल्या पिना हलल्या की नाही हे कानाला थोडं कळतं आणि बाकी सगळं बोटाच्या टोकाला. बाबांच्या उजव्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला आता टोकं नाहीत.

तू म्हणतोस, तिकडे आले की आराम करतील. तू असंही म्हणतोस, "बाबा, एकटं राहिलं की काय होतं ते बघितलंत ना? वेळेला फोनचा भरवसा नाही." हे वाक्य तू दिवाळखोराला बँकेनं समजवावं तसं सावकाश, प्रेमानं म्हणतोस. बाबा मान डोलावतात. त्यांना वाटतं की त्यांच्या हातून चूक झाली. त्या थंडीत कुणाच्या तरी गोदामाचं कुलूप उघडायला एवढ्या लांब जायलाच नको होतं.

गेल्या हिवाळ्यातल्या त्या संध्याकाळबद्दल आपण तिघं एकत्र असताना कधीच नीट बोललो नाही. मी आता नीट लिहिते, कारण फोनच्या चाचण्यांचे निकाल नीट लिहिणं हेच माझं काम आहे.

परतताना बाबांची गाडी घसरून रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेली. इंजिन बंद, म्हणून हीटरही बंद. खड्ड्यात रेंज नव्हती, म्हणून ते वर रस्त्यावर येऊन उभे राहिले. मला फोन लावून उपयोग नव्हता. चाचणीच्या खोलीत जाताना आम्ही स्वतःचे फोन बाहेरच्या कपाटात ठेवतो, हे त्यांना माहीत होतं. तू तिथून जवळ होतास. त्यांनी तुला लावला. रिंग गेली. पुन्हा लावला. नंतर तुझा फोन बंद लागायला लागला, तरी ते लावत राहिले, कारण त्यांना वाटलं तू कुठेतरी लिफ्टमध्ये असशील. मग त्यांचाच फोन मेला. "अर्धी बॅटरी होती गं," असं ते शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा म्हणाले. बर्फ काढणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला ते सापडले तेव्हा तो फोन त्यांच्या मुठीत होता.

त्यांचा फोन खरंच थंडीनं गेला. मी हॉस्पिटलात तो हातात घेतला, खोलीतल्या गरम पाइपाशेजारी ठेवला, आणि जरा वेळानं बटण दाबलं. चालू झाला. जवळजवळ अर्धी बॅटरी, बाबा म्हणाले होते तशीच.

तेवढ्यात तू आलास. कोट न काढताच पलंगाशी वाकलास आणि म्हणालास, "बाबा, माझाही फोन थंडीनं बंद पडला हो! छोटी सांगत नाही का, बाटलीत तेल असतं पण थंडीनं थिजतं, ओतता येत नाही. तस्संच झालं. घरी आलो, चार्जरला लावला, कितीतरी वेळ रिकामी बॅटरीच दाखवत होता. चार्ज झाल्यावर बघतो तर तुमचे एवढे कॉल!"

तेलाची गोष्ट माझी होती. मीच तुमच्याकडे जेवताना सांगितली होती, तू वाढून घेताना. तेव्हा तुझं लक्ष आहे असं मला वाटलं नव्हतं.

पण दादा, तू अर्धीच ऐकलीस. थिजलेलं तेल बाटलीतच असतं. ऊब मिळाली की ते परत पातळ होतं. थंडीनं बंद पडलेल्या चांगल्या फोनला चार्जर लागत नाही, ऊब लागते. तू बोलत होतास आणि मी बाबांचा फोन हातात घेऊन पाइपाशी उभी होते. तो चालू होता. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस.

मी तेव्हाच का बोलले नाही, हे तू विचारशील. एक तर बाबांच्या हाताला पट्टी बांधत होते. दुसरं म्हणजे मला खात्री नव्हती. बॅटरी फार जुनी असेल तर थंडीत अंदाज चुकतो, फोन रिकामा असल्यासारखा वागू शकतो. कच्च्या माहितीवर मी कुणावर आरोप करत नाही. अगदी तुझ्यावरही नाही.

तेव्हापासून बाबा मला चिडवतात. थट्टेतच, पण रोज. "काय इंजिनिअरीणबाई, तुमच्या फोनांनी माझी बोटं नेली." शिंपीणमावशींना सांगतात, "आमची छोटी फोन गारठवायच्या कारखान्यात आहे. गारठून बंद पडतात हे माहीत असून बनवतात, काय म्हणावं!" मावशी हसतात. मीही हसते. वर्षभर मी तुझ्या वाट्याचं हसू हसते आहे. तुझ्याबद्दल मात्र ते एकच म्हणतात, "त्याचा काय दोष? यंत्राचा दोष."

म्हणून मी तुझा फोन मागून घेतला. आमच्याकडे फ्रिजसारखं एक मोठं कपाट आहे, त्यात हवी तेवढी थंडी करता येते. माझ्या साहेबांना सांगितलं, घरचं काम आहे, सुट्टीच्या दिवशी करते. तुझी बॅटरी आधी तपासली. चांगली निघाली. मग तुझा फोन त्या संध्याकाळच्या थंडीत ठेवला, पडदा चालू, आवाज चालू. बंद पडला नाही. आणखी खाली नेलं. पडला नाही. त्या संध्याकाळी या भागात कुठेही नव्हती एवढी थंडी केली, तेव्हा पडला. बाहेर काढला, ऊब दिली, चार्जर न लावता चालू झाला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. एका फोनवरून सगळ्या फोनांबद्दल काही म्हणता येत नाही. पण मला सगळ्या फोनांबद्दल म्हणायचंच नव्हतं.

मग वहिनीकडे गेले. तू कामावर होतास. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती पिल्लूचं स्वेटर उसवत होती, मी सहज विचारलं, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही कुठे होता गं जेवायला? फार थंडी होती ना तिथे?"

"छे गं! यांच्या मोठ्या साहेबांकडे होतो. अगदी हीटरपाशी बसवलं आम्हाला. मला तर घाम फुटला."

"आणि दादाचा फोन?"

"यांच्या कोटाच्या आतल्या खिशात. सारखा थरथरत होता मेला. मी म्हटलं, बघा तरी कोणाचा आहे. तर म्हणाले, बाबांचा असणार, पुन्हा तेच दुकानाचं रडगाणं, आणि..."

एवढं बोलून ती थांबली. मग लोकर गुंडाळायला लागली, पण लोकर सुटीच राहत होती. मी चहा घेतला आणि निघाले. जिन्यात ती मागून आली आणि म्हणाली, "त्यांना माहीत नव्हतं गं, बाबा कुठे आहेत ते." मी म्हटलं, "हो, उचलल्याशिवाय कसं कळणार?"

तर तुला एवढंच माहीत नव्हतं. तू साहेबांपुढे बसला होतास, बाबांचं नाव दिसलं, तू बटण दाबून फोनच बंद केलास. अशी चूक माणसं करतात. तेवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण बाबांना पट्ट्या बांधलेल्या असताना तू माझ्या तोंडचं वाक्य घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलास, आणि आता त्याच वाक्याच्या जोरावर त्यांना त्यांच्या घरातून हलवतो आहेस.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. फक्त दाखवलं. परवा ते फळे उतरवून कंटाळले होते, म्हटलं, "बाबा, तुमच्या यंत्राचा दोष बघायचाय का?" त्यांना उघडून बघायला काहीही चालतं, तुला माहीतच आहे. त्यांचा तोच जुना फोन अर्धा चार्ज केला, त्यावर व्हिडिओ लावला आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. आतलं गाणं बंद झालं. बाहेर काढला. "मेला," बाबा म्हणाले. मी तो त्यांच्या बगलेत ठेवायला दिला, थर्मामीटरसारखा. काही वेळानं काढला आणि बटण दाबायला सांगितलं.

चालू झाला. बाबांनी बॅटरीचा आकडा बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला.

"म्हणजे चार्जरला लावावा लागत नाही?"

"नाही."

"तुझ्या दादाला लावावा लागला होता."

"हो, तो तसं म्हणाला होता."

एवढंच बोलले मी. बाबा उलटसुलट करून फोन बघत राहिले. एखादं कुलूप उघडतंय असं वाटतं आणि उघडत नाही, तेव्हा ते जसे बघतात तसे. मग त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि मला एक गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती.

डॉक्टरांनी विचारलं होतं ना, फक्त उजवाच हात कसा? डावा तर धडधाकट. बाबा म्हणाले होते, उजवा हातमोजा हरवला. हरवला नव्हता. गाडी खड्ड्यातून काढली तेव्हा तो सीटवर होता, मी स्वतः आणून ठेवलाय. हातमोजा घालून फोनचा पडदा त्यांचं ऐकत नव्हता. म्हणून त्यांनी तो काढला. अंगठ्यानं फोन धरला, पहिल्या बोटानं तुझं नाव दाबलं. लागला नाही की पुन्हा दाबलं.

"म्हटलं, आत्ता उचलेल," ते म्हणाले.

कोणती दोन बोटं गेली ते तुला माहीत आहे.

हे करताना मला तुझी दया यायला हवी होती. आली का, ते मी तपासून पाहिलं. आली नाही.

बाबांना तुला काहीतरी विचारायचंय. मी म्हटलं, पत्र पोचू दे, मग विचारा. "पत्रात काय लिहिणार आहेस?" म्हणाले. म्हटलं, "चौकशी." शनिवारी संध्याकाळी ते तुला फोन करतील. खोक्यातल्या फोनवर नाही, तो मी फक्त तुझ्या टेबलावर असावा म्हणून पाठवलाय. तुझ्या नव्या फोनवर करतील. डाव्या हातानं लावतात आता, वेळ लागतो. उचललास तर ते त्या संध्याकाळबद्दल एकच प्रश्न विचारणार आहेत. नाही उचललास तर रविवारी गाडी आणू नकोस. तेही उत्तरच झालं. कोऱ्या किल्ल्यांचे फळे मी अजून बांधून ठेवलेले नाहीत. भिंतीतले खिळेही काढू दिलेले नाहीत.

बातम्यांत सांगत होते की तुमच्याकडची थंडी ओसरतेय. म्हणजे तुला या वेळी कारण दुसरं शोधावं लागेल, आणि ते माझ्याकडून मिळणार नाही.

पिल्लूला पापा. वहिनीला म्हणावं, लोकर नीट गुंडाळ.

शनिवारी घरातच बस. फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेव. तिथे ऊब असते.

छोटी