उलटी कडी

कात्रप, बदलापूर
५ फेब्रुवारी

चि. अवधूत यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आपल्या कादंबरीचं तुझं पाचवं प्रकरण आईने रविवारी आणून दिलं. तुझा शिकारी फार बडबडतो रे! आपलं ठरलंय ना, शिकाऱ्याचा आवाज तुझा, कोंडलेल्या बाईचा माझा? ही बाई पळून का जात नाही, वाचकाला पटणार नाही, असं तू म्हणालास. म्हणून सहावं प्रकरण सोबत जोडलंय.

नवरा कामावर जाताना तिचा फोन नेतो, बाहेरून कडी घालतो. पण कडी उलटी बसलेली. दार आतून हलवलं की घसरते. ती पत्र टाकून येते आणि फटीतून पट्टीने कडी परत चढवते. मुलीला शाळेतून नवराच आणतो, म्हणून एकटी पळत नाही. वीस तारखेला, शुक्रवारी, शाळेला सुट्टी. तेव्हा दोघी.

उत्तर आईच्या हातीच दे. टपालाने नको. विसरशील, म्हणून पुन्हा सांगते, टपालाने नको.

तुझी,
सईताई

उल्हासनगर कॅम्प ५
१० फेब्रुवारी

ती. ताईस शि.सा.न.वि.वि.

अंबरनाथला आईकडे जायला टाइमच नाही, सेठने जीन्सचा माल काढलाय. काल त्याने दाल-पकवान खिलवलं, एकदम कडक! तर काय सांगत होतो, हां, प्रकरण. सरळ टपालानेच लिहितोय, राहवेना.

ताई, माझीच कडी ढापलीस! दिवाळीत तुझ्या दाराला मीच उलटी बसवली होती, भाऊजी किती हसले होते. तीच बाईच्या सुटकेला लावलीस, मानलं तुला. पण अजून एक आवाज पाहिजे, नवऱ्याचा. स्वतःला भला समजणारा. वाचक तिथेच टरकतो.

माझ्या भाचीला, अनुयाला पापा. राग नको, माया असू दे.

तुझा,
अवधूत

कात्रप
१६ फेब्रुवारी

चि. अवधूत यास हेमचंद्रचे आशीर्वाद.

तुमचं पत्र माझ्या हाती आलं. कडी उलटी आहे एवढंच ठाऊक होतं, ती सुटकेला चालते ही गंमत आम्हाला ठाऊक नव्हती. सुतार बोलावून सरळ करून घेतली, वर कुलूपही घातलं. सईला विश्रांतीची गरज आहे. शुक्रवारी शाळेला सुट्टी, म्हणून अनुयाला सकाळीच माझ्या बहिणीकडे पोहोचवीन. आईंना म्हणावं, तूर्त येऊ नका.

नवऱ्याचा आवाज हवा, ही सूचना आवडली. यापुढची प्रकरणं मीच लिहीन.

लोभ आहेच, तो पत्रातून वाढवू नये.

हेमचंद्र

उल्हासनगर कॅम्प ५
१८ फेब्रुवारी

ती. आईस शि.सा.न.

फोनवर मला रडू फुटेल, म्हणून माझ्याबरोबर कामाला असलेल्या कल्पेशच्या हाती चिठ्ठी देतोय. ती कादंबरी नव्हती गं. बाई म्हणजे ताई. ती दोनदा म्हणाली टपालाने नको, आणि मी कडीचं कौतुक लिहून भाऊजींच्याच हातात दिलं.

महिला हेल्पलाइनला सगळं सांगितलंय. बदलापूरच्या पोलीस ठाण्यात एक मॅडम माझी वाट बघतायत, तिथून त्यांच्याबरोबर कात्रपला. कुलूप तोडायला सेठकडून कटर घेतलाय. शुक्रवारपर्यंत थांबत नाही.

तू एकटी तिकडे जाऊ नकोस. दार उघडं ठेव आणि रात्री दोघींचा भात जास्त टाक.

तुझा,
अवधूत