कंबर आत घेण्याचे दिवस

३ जून
आठवड्यात अकरा पँट आल्या, सगळ्या कंबर आत घ्यायला. सोडायला एकही नाही. चोवीस वर्षं शिवतोय, असं कधी झालं नव्हतं. बँकेतल्या कॅशियरला विचारलं, "व्यायाम सुरू केलात?" तो हसला. "कसला व्यायाम, मास्तर! आठवड्याला एक इंजेक्शन. मधुमेहावर निघालं, आता लोक वजनासाठी घेतात. भूकच लागत नाही." कंपनीचं नावही त्यानेच सांगितलं. इथे लिहीत नाही — नजर लागेल.

५ जून
तज्ज्ञ लोक आकडे पाहून शेअर घेतात. माझ्याकडे टेप आहे.
काजाच्या मशीनसाठी साठवलेले सगळे पैसे त्या कंपनीच्या शेअरमध्ये घातले. बायकोला जेवताना सांगितलं. दुकानात ती माझ्यासमोर बसते, बटणांची सगळी काजं हाताने करते, आणि हल्ली तिची बोटं दुखतात. मशीन तिच्यासाठीच घ्यायचं होतं. तिने बोटं चोळली. मग म्हणाली, "माझ्या बोटांना तरी विचारायचंत."

१९ जून
भाव चढला. म्हटलं, आता दोन मशीन घेऊ.
"आधी एक दाखवा."

२ जुलै
उकाडा फार. दुकानात पाण्याची बाटली तीनदा भरली. तरी घसा कोरडाच.
"अहो, शेअर पाण्याचा घ्यायचा होता."

११ जुलै
भाव धाडकन पडला. कुठल्याशा चाचणीचा निकाल हवा तसा आला नाही म्हणे. आणि नेमका आजच कॅशियर हजर — तीच पँट घेऊन. "इंजेक्शन थांबवलं, मास्तर. परवडेना. कंबर सोडा पुन्हा."
सोडली. मी शिवणीतली माया कधी कापत नाही. दोन इंच कापड आत दुमडून ठेवतो. बारीक झालेला माणूस परत भरतो, हे मला चोवीस वर्षं माहीत आहे. शेअर घेताना तेवढं आठवलं नाही.
हिने मुदत घातली. "एकतीस तारीख. तोवर घातलेले पैसे भरून आले नाहीत तर शेअर विकायचे. निम्मं मशीन तरी येईल."
कबूल केलं. दुसरं काय करणार!

१६ जुलै
पट्ट्याला आरीने नवं भोक पाडलं. जेवण दुप्पट, तरी बारीक झालोय — काळजीनेच. एक पैसा खर्च न करता! हिला ऐटीत दाखवलं.
"भाव आणि तुम्ही जोडीने उतरताय," म्हणाली.

२३ जुलै
दुसरं भोक.
सुईत दोरा ओवायला हिला हाक मारावी लागली. चष्म्याचा नंबर बदलला असणार. दुपारभरात चार वेळा शिवण अर्धी टाकून उठलो. पाणी इतकं पितो, उठावं लागणारच. ही काज करायचं थांबवून माझ्याकडे बघत होती.

२९ जुलै
भाव थोडा वर. पण पुरत नाही, आणि दोनच दिवस उरलेत.
माझी पँट हिच्यापुढे टाकली. "कंबर आत घे." तिने मला उभं करून टेप लावला. मग मापांची वही उघडून माझं गेल्या वर्षीचं माप काढलं. चाळीस. आज साडेपस्तीस.
"बघ," मी म्हटलं, "फुकटात."
ती हसली नाही. "गावाच्या कंबरा मोजून तुम्ही कंपनी शोधलीत. स्वतःची साडेचार इंच गेली, तर भोकं पाडत बसलात. चपला घाला. डॉक्टरकडे जायचंय."

३१ जुलै
उपाशीपोटी साखर दोनशे ब्याण्णव. डॉक्टर म्हणाले, किती दिवसांपासून आहे कोण जाणे. बरं झालं बाईंनी आणलं.
औषधाच्या दुकानात गोळ्यांचं पाकीट उलटून पाहिलं. कंपनीचं नाव ओळखीचं. हिनेही वाचलं.
ठरल्याप्रमाणे शेअर विकले. भाव काय मिळाला ते नीट पाहिलंही नाही. गोळी लागू पडू दे, एवढंच.
पँट तयार करून हिने खुर्चीवर ठेवली होती. आतली शिवण उलटून पाहिली, सवयच ती. माया कापलेली नाही. पुरते साडेचार इंच दुमडून ठेवलेत.