रेंजफाइंडर, वाजवी भावात

१ डिसेंबर, रविवार

निर्णय झाला. डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा घ्यायचा. सेकंडहँड, पण वाजवी भावात. एक लाख दहा हजार. वर एक रुपया नाही.

कारण: सोसायटीची मीटिंग. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, फेब्रुवारीत सगळ्यांनी घरं रिकामी करायची. म्हणजे येत्या सव्वीस जानेवारीची सत्यनारायणाची पूजा ही शेवटची. सेक्रेटरी चंद्रप्रकाश म्हणाले, सगळ्यांचा एक ग्रुप फोटो काढू, स्टुडिओवाल्या किरणला सांगतो. मी उभा राहिलो. म्हटलं, किरण धडधाकट माणसांना हनुवटीखाली हात ठेवायला लावतो. हा फोटो मी काढीन. टाळ्या पडल्या. दोघांच्याच, पण मनापासून.

घरी आल्यावर दीप्तीने विचारलं, कशाने काढणारेस?

३ डिसेंबर

दीप्तीला रेंजफाइंडर समजावला. इतर कॅमेऱ्यांत माणूस लेन्समधून बघतो. यात वर कोपऱ्यात वेगळी खिडकी असते. तिच्यातून बघायचं, दोन प्रतिमा एकावर एक आणायच्या, झाला फोकस. लेन्सला काय दिसतंय याच्याशी आपला संबंध नाही.

ती म्हणाली, अरे पण लेन्सला काहीच दिसलं नाही तर तुला कळणार कसं?

बायको हुशार आहे, पण टेक्निकल बाजू कच्ची.

८ डिसेंबर, रविवार

ऑनलाइन जाहिरात सापडली. मुलुंड. मालक जयवंतराव, ट्रॉम्बेच्या नोकरीतून रिटायर झालेले, एकटेच राहतात. किंमत दीड लाख.

कॅमेरा हातात घेतला आणि चेहरा एकदम कोरा ठेवला. वस्तू आवडलीय हे विकणाऱ्याला कळलं की भाव गेला. जयवंतराव म्हणाले, तुमचे हात थरथरताहेत, चहात साखर जास्त घालू का?

त्यांना काही कळलेलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

आज मौनतंत्र. आपला आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. समोरच्याला शांतता सहन होत नाही, तो आपणहून खाली येतो. भाव कसा पाडावा याच्या व्हिडिओत तसं दाखवलंय.

एक दहा म्हणालो. गप्प बसलो. तेही गप्प. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की त्यांना डुलकी लागलीय. जागे झाल्यावर म्हणाले, अरे, तुम्ही आहात अजून? दीड.

दबावाखाली आहेत.

२९ डिसेंबर, रविवार

आज अभ्यासाने गारद करायचं ठरवलं. हे मॉडेल आता बनत नाही, असे रंग नव्या कॅमेऱ्यांत येत नाहीत, जगभर लोक शोधत फिरताहेत, सगळं तपशीलवार सांगितलं. जयवंतराव थक्क झाले. म्हणाले, मला कल्पनाच नव्हती हो. मग एक सत्तर ठेवू या.

परतताना रिक्षात शांतपणे विचार केला. जिची किंमत वाढते ती गुंतवणूक. म्हणजे एक सत्तर हाच वाजवी भाव. एक दहाला घेतला असता तर त्यांच्यावर अन्याय झाला असता.

६ जानेवारी

पैशांची सोय झाली. बिल्डरने सामान हलवायला दिलेत ते आणि थोडी बचत. टेम्पो रद्द, हमाल रद्द. कपाटं मी उचलणार. व्यायामही होईल.

आमची कन्या श्वेता म्हणाली, बाबा, तुमच्या कमरेची वाट लागणारे.

१९ जानेवारी, रविवार

घेतला! एक सत्तरला. पण रिकाम्या हाताने परतणारा मी नव्हे. त्यांच्या ड्रॉवरमध्ये लेन्सची कॅप दिसली. ओरिजिनल. काळी, धातूची. म्हटलं, ही पण पाहिजे. देईनात! म्हणाले, मी ती कधीच लावत नाही, या कॅमेऱ्याला कॅप म्हणजे... पुढचं बोलूच दिलं नाही. चिकट माणसाकडे कारणं तयार असतात. कॅपशिवाय सौदा कॅन्सल म्हणालो आणि चपला घालायला लागलो. शेवटी दिली. फुकट!

देताना हसत होते. हरलेला माणूस असाच हसतो.

२४ जानेवारी

घरभर पॅकिंगची धूळ. कॅमेऱ्याला कॅप लावून ठेवली. ती मिळवली नसती तर काय झालं असतं? सराव नुसता खिडकीतून, बॅटरी काढून केला, चार्ज वाचावा म्हणून.

मागचा स्क्रीनही बंद केलाय. फोटो काढून लगेच बघणं हे नवशिक्यांचं लक्षण.

२६ जानेवारी, रविवार, संध्याकाळी

झकास!

वनमालामावशी कणकवलीहून आल्या. बिल्डिंगमधलं पहिलं बिऱ्हाड त्यांचं. आता लेकाकडे असतात, चालवत नाही, पण शेवटची पूजा म्हणून आल्या. त्यांना मध्ये खुर्चीत बसवलं. मागे झाडून सगळी घरं, पायऱ्यांपर्यंत. किरण मदतीला येऊ का विचारत होता. नको म्हटलं. सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला लावले. अशा प्रसंगाचं गांभीर्य राखावं लागतं.

मावशींनी विचारलं, अरे सुबोध, ह्याचा डोळा मिटलेला कसा रे? त्यांना समजेल असं सांगितलं की या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतंच. खिडकीत उजेड कमी असल्याचा लाल बाण सारखा लुकलुकत होता. यंत्राला काय कळतं! श्वेता पुढच्या रांगेतून हातवारे करून काहीतरी सांगत होती. हात वर करून तिला गप्प केलं. त्यावर पोरं हसली, पोरांना बघून मोठी हसली, मावशी तर पदर तोंडाला लावून हसल्या. इतकं मोकळं हसू किरणला जन्मात मिळालं नसतं. भराभर काढले.

२७ जानेवारी

सगळे काळे.

आधी वाटलं कॉम्प्युटर बिघडला. मग वाटलं कार्ड. मग जयवंतरावांना फोन लावला, चांगलंच सुनावणार होतो. त्यांनी शांतपणे विचारलं, कॅप काढली होतीत ना? तेच तर त्या दिवशी सांगत होतो.

मावशींना पहाटेच गाडीत बसवून दिलं. तळमजल्यावरचे सकाळी ट्रक भरून पुण्याला गेले. ती सगळी माणसं पुन्हा एका जागी उभी राहायची नाहीत.

वाईट वाटलं. जेवलो नाही. दीप्ती ओरडेल असं वाटलं होतं. ती नुसती शेजारी येऊन बसली, त्याने जास्त वाईट वाटलं.

२८ जानेवारी

त्या वेळचा एकच फोटो निघाला. श्वेताने मला दाखवायला म्हणून मोबाइलवर काढलेला. त्यात मी. एकटाच. एक डोळा मिटलेला, एक हात वर, कॅमेऱ्यावर कॅप. मागे पाण्याची टाकी.

चंद्रप्रकाशना पाठवला. ते म्हणाले, बिल्डिंगची आठवण म्हणून हाच सगळ्या घरांना फ्रेम करून देऊ. फ्रेमचं काम किरणला.

९ फेब्रुवारी, रविवार

भाड्याच्या घरात आलो. कपाटं किरणने माणसं आणून हलवली. माझी कंबर धरलीय.

दीप्तीने फ्रेम समोरच्या भिंतीवर लावलीय. कॅप अगदी शार्प आलीय.

मावशींचा कणकवलीहून फोन. त्यांच्याकडेही फ्रेम पोचली. म्हणाल्या, फोटो बरो इलो हा. तू आमच्याकडेच बघतंस ना, मगे सगळी माणसा बरोबर आठवतत, कोण खंय उभा होता ता. फोन ठेवून फ्रेमवरची धूळ पुसली.

कॅमेरा विकायला काढलाय. एक सत्तर, वाजवी. आज पहिलं गिऱ्हाईक आलं. चेहरा कोरा, हात थरथरत होते. ओरिजिनल कॅप आहे का, विचारत होता.

नाही म्हटलं. चिकट समजला असणार.