अक्का, उद्या म्हैस जाणार

माझ्या अक्काला,

उद्या सकाळी आपली म्हैस जाणार. माझा भाऊ पन्हाळ्याच्या पायथ्याहून टेम्पो घेऊन येतोय. इथं वैरणीचं बघायला आता माणूस उरलं नाही. तुझा धाकटा दीर सकाळी राजारामपुरीच्या दुकानावर जातो तो दिवे लागल्यावर येतो, माझे गुडघे हे असे, आणि थोरल्या भावजींचं, तुझ्या मालकांचं, तर तुला सांगायचंच आहे. त्यासाठीच लिहायला बसलेय. एका चुलीवर दोघी जावा नांदलो, एकमेकींना पत्र लिहायची वेळ कधी आली का गं? भांडायचं तेसुद्धा तोंडावर!

आणि तू ताप लपवलास. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आपल्या गल्लीच्या तोंडाला बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या, डेअरीनं गल्लीचं दूध घेणं बंद केलं होतं, दुकानातल्या कुणाला तरी कोरोना झाला म्हणून माझ्या नवऱ्याला गावच्या शाळेत ठेवलं होतं. आणि तू अंगात ताप घेऊन पहाटे धार काढायला जात होतीस! म्हैस दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, कबूल. पण मला एका शब्दानं सांगायचंस तरी.

दुधाचं काय करायचं म्हणून तू आटवायला घेतलंस. भिंतीवरून तांबे फिरले, पलीकडच्या शमाभाभीनं साखर दिली, आणि बंद गल्लीतली सगळी घरं बासुंदी खात बसली. "मरायचंच हाय तर ग्वाड खाऊन मरू की!" असं तू ओरडलीस आणि अख्खी गल्ली हसली. मीही हसले. तेव्हा तुझा आवाज बसला होता, तो चुलीच्या धुरानं बसला असं मला वाटलं.

मग तुझा ताप उघडा पडला आणि तुला न्यायला दवाखान्याची गाडी आली. लोक माडीवर चढून बघत होते. कुणीतरी वरून ओरडलं, "घरातलं जो भाईर यील त्येलाबी घालत्यात गाडीत!" मी उंबऱ्यावर तुझी पिशवी घेऊन उभी होते. तू मागं वळून म्हणालीस, "सुमन, त्यास्नी बोलीव की गं. जाती मी."

मी आत गेले. भावजी दारामागं उभे होते, अक्का. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठी घेऊन डोंगरावर नाचणारा माणूस, दाराची कडी धरून उभा! "मी आलो तर मलाबी न्हेतील. मग म्हसराचं कोन बघंल?" म्हणाले. त्यांना म्हशीच्या अंगाला हात तरी लावता येत होता का? मी परत बाहेर आले तर तू त्या गाडीची उंच पायरी एकटीच चढत होतीस. पिशवी मी रस्त्यावर ठेवली, ती गाडीतल्या पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं उचलली.

नंतर तुझा एकच फोन आला. धाप लागली होती तुला. आणि विचारलंस काय, तर म्हशीचं! मी सांगितलं, पान्हा चोरतेय, कास दगडासारखी झालीय. म्हणालीस, "माजं हिरवं लुगडं नेस. आनि त्वांड उघडू नगंस. तुजा आवाज ऐकला की दूध वर वडती ती." मी विचारलं, "भावजींना देऊ का फोन? हितंच हायत." तू म्हणालीस, "नगं." बस्स. फोन बंद.

तो नगं कशाचा होता गं? बोलवत नव्हतं म्हणून नगं, की त्यांच्याशी बोलायचंच नव्हतं? भावजी समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हटलं, "फोन कट झाला." तुझा तो शब्द आजवर मी कुणाला सांगितलेला नाही.

तुझं लुगडं नेसले आणि म्हशीनं मुकाट्यानं धार दिली. माझी ढसाढसा रडायची इच्छा होती, पण आवाज करायची सोय नव्हती. पदर तोंडात कोंबून धार काढली.

त्यानंतर तू गेल्याचं कळवलं. तुला परस्पर पंचगंगेच्या घाटावर नेलं. तोंड बघितलं नाही, पाणी पाजलं नाही. रक्षाविसर्जनाला रक्षाच नव्हती! तुझी दात घासायची राखुंडी नि कुंकवाचा करंडा नदीत सोडून आपली माणसं परत आली. भावजी गेले नाहीत. "मी डोळ्यानं बगितलं न्हाय, मी न्हाय मानत," एवढंच म्हणाले. आजही घरात तुझा फोटो लावू देत नाहीत.

आणि मग ते पहाटे गोठ्यात यायला लागले. दाराशी दगडावर बसतात. मी पाठमोरी, तुझ्या लुगड्यात, हातात आचळ. पहिल्या दिवशी हळूच म्हणाले, "रागावलीस व्हय गं?"

तुला विचारत होते, अक्का. काय करू? बोलले तर म्हैस दूध चोरणार. धार काढत राहिले. ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. म्हैस दोनदा व्याली, अजून येतात. तेच विचारतात. कधी म्हणतात, "भ्यालो गं मी." ती आटते तेव्हा गोठ्याकडं फिरकत नाहीत, व्याली की पुन्हा दगडावर हजर.

त्यांना मी सुमन आहे हे कळतं की नाही, मला खरंच सांगता येत नाही. दिवसा व्यवस्थित असतात. "सुमन, चा टाक," म्हणतात, पेपर वाचतात. मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बोलू दे की, तुजं काय जातंय?" माझं काय जातं! रोज पहाटे एका माणसाला मी तुझ्या नावानं उत्तराविना परत पाठवते. किती खंगलेत गं ते. माझ्या गप्प बसण्याला ते तुझा राग समजतात, आणि तो खरंच तुझा राग असेल तर? हे ओझं मला वाहवत नाही. तू एवढी भांडखोर, एक शिवी हासडून तरी जायचंस!

आता म्हैस जाणार आणि तिच्याबरोबर तुझं लुगडंही जाणार. माझ्या वहिनीला ते नेसावं लागेल, नाहीतर तिथं एक थेंब मिळायचा नाही. हिरवं विरलं होतं, त्याला शमाभाभीनं दोनदा ठिगळ लावून दिलं. घरात तुझं तेवढंच अंगाला लागलेलं राहिलं होतं. ते आज धुतलं नाही. धुतलं तर नव्या गोठ्यात म्हशीला ओळखीचा वास मिळणार नाही.

म्हणजे उद्याची धार शेवटची. भावजींना ठाऊक आहे. आज दिवसभर जेवले नाहीत.

तुला वचन देते, अक्का. उद्या बादली भरली की म्हैस दूध चोरेल ही भीती मी ठेवणार नाही. त्यांनी विचारलं की वळीन आणि माझ्याच तोंडानं सांगीन, "न्हाई रागावली, भावजी. फोनवर तुमचंच इच्यारत हुती." आयुष्यात एवढं धडधडीत खोटं मी कधी बोलले नाही. पण बोलीन.

ते फार दिवस काढतील असं वाटत नाही. तिकडं आले की पहिलं तेच विचारतील तुला. तुझ्या मनात काहीही असू दे, बाई, तेवढं माझं खोटं पाडू नकोस.

तुझी धाकटी जाऊ,
सुमन