देवनहळ्ळीच्या मंगळावरचा काळा चौकोन

प्रिय अप्पा,

आधी फोन होता, मग एकाच घरात राहिलो, त्यामुळे तुम्हाला पत्र कधी लिहावंच लागलं नाही. आज लिहिते, कारण शनिवारी कोरमंगलाच्या एका छोट्या गॅलरीत तुमचे फोटो लागणार आहेत आणि त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे.

बेळगावला सर्व्हे खात्यात जन्म घालवलेला माणूस निवृत्तीनंतर बेंगळुरूला लेकीकडे येतो काय आणि मंगळाच्या नादी लागतो काय! रोव्हरने तिथून पाठवलेले फोटो तुम्ही मोबाइलवर तासन्‌तास बघायचात. मग दर रविवारी मला शहराबाहेर देवनहळ्ळीला गाडी काढायला लावायचात. शेतं खरवडून प्लॉटांचे लेआउट पाडलेली ती लाल, ओसाड जमीन. गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा लावून तुम्ही रोव्हरसारखे तुकड्या-तुकड्यांनी फोटो काढायचात आणि घरी कॉम्प्युटरवर जोडायचात. मी आपली उन्हात करवादतेय. "अप्पा, बास की आता."

"झालंच गं, स्वल्प थांब." तुमचं स्वल्प म्हणजे दोन तास.

सगळ्यात मोठ्या चित्रात मधेच एक काळा चौकोन होता. मी म्हटलं, एवढं राहिलंय, भरा की. तुम्ही म्हणालात, "रोव्हरचा तुकडा आला नाही तर तिथे काळंच ठेवतात. न मोजलेल्या जमिनीवर रेघ ओढायची नसते."

मला ते म्हातारपणाचं खूळ वाटलं. तुमच्या पंच्याहत्तरीला मी तो चौकोन सॉफ्टवेअरने भरून घेतला. लाल माती, चार दगड, अगदी बेमालूम. मोठी फ्रेम करून आणली. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि "छान झालंय" म्हणालात. पुढच्या रविवारी कॅमेरा काढलाच नाहीत. गुडघे दुखतात म्हणालात, आणि मी ते खरं मानलं. रागवायचं तरी होतंत, अप्पा. लेकीचं मन इतकं कशाला राखायचं?

तुम्ही गेल्यावर मी त्या कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. गॅलरीला मी भरलेलंच चित्र दिलं होतं; छपाईसाठी तिथल्या बाईंनी मूळ फाइल मागितली म्हणून परवा उघडला. सगळे तुकडे नंबर घालून ओळीने ठेवलेले. सतरावा तेवढा वेगळ्या फोल्डरमध्ये, माझ्या नावाच्या. त्यात मी होते. दगडावर बसलेली, डोक्यावर ओढणी, मांडीवर डबा, तोंड वाकडं. मंगळावर माणूस नसतो, म्हणून तुम्ही मला चित्रातून काढलंत. पण माझ्या जागी दुसरं काही घातलं नाहीत. माती मीच भरली.

हे तेव्हाच का नाही सांगितलंत? फार रडले मी.

आज सकाळी जाऊन भरलेली प्रत रद्द केली आणि तुमची मूळ छापायला दिली. "मॅडम, मधला काळा भाग तसाच ठेवायचा?" बाईंनी दोनदा विचारलं. तसाच, म्हटलं.

शनिवारी दिवसभर मी त्या चित्राशेजारी उभी राहीन, अप्पा. कितीही उकडलं, कितीही भूक लागली तरी कुरकुरणार नाही. इथे काय राहिलंय, असं कुणी विचारलं तर सांगेन, इथे मी होते, आणि माझ्या वडिलांनी ही जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही.

तुमची करवादी लेक,
सुमी