साडेचारशे ओळींचा मफलर

९ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

आज दूध आलं, लोकरीचे सहा गुंडे आले, टपाल नाही. तुझ्या ताईला जाऊन एकोणीस दिवस झाले.

तू प्रोग्रामिंग शिकवतेस म्हणून एक विचारतो. इस्पितळात जाण्यापूर्वी तिने विणकामाच्या मशीनवर माझा मफलर लावला होता. प्रोग्राम पुस्तकात बघून तिने स्वतः लिहिला होता. जिना उतरताना मला बजावून गेली की मशीनला हात लावू नका, साडेचारशे ओळी झाल्या की ते आपोआप थांबेल, सकाळपर्यंत होईल. मी बरं म्हणालो. तेच आमचं शेवटचं नीट बोलणं.

ते अजून थांबलेलं नाही.

दर दोन मिनिटांना एक ओळ, असे बावीस दिवस. मी जन्मभर वजनमापं तपासली, तेव्हा अंदाजपंचे सांगत नाही. आज मफलर त्रेसष्ट मीटर भरला. दारातून निघून, तीन जिने उतरून तो वॉचमनच्या खोलीत पोचला आहे. पहिलं टोक वॉचमन गळ्यात घालून बसतो. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचे पेशंट कठडा सोडून मफलर धरून उतरतात. सोसायटीने फळ्यावर लिहिलं आहे की मफलरने जिन्याच्या डाव्या बाजूने राहावे. भेटायला येणाऱ्यांना घर शोधावं लागत नाही, एवढी सोय झाली.

मशीनच्या पडद्यावर आकडा शून्य दिसतो, पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, अजून सुरुवात व्हायची असेल. परवा शेजारी बसून मीच मोठ्याने मोजलं, चारशे पन्नासला जरा आवाजही चढवला. उपयोग झाला नाही. बंद करावं तर तिला दिलेला शब्द आहे.

प्रोग्राम असा: आकडा शून्य धर. आकडा साडेचारशेपेक्षा कमी आहे तोवर, एक ओळ विण. मग घंटी वाजव. संपलं.

मुलांना आशीर्वाद. सवडीने लिही, पण लिही.

तुझा भाऊजी


१३ जानेवारी

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

मी आले होते तेव्हा मफलर उंबऱ्याबाहेर गेलेला पाहिला होता. विचारलं नाही. दुःखात माणसाला काहीतरी करत राहावंसं वाटतं, असं आमच्याकडे ह्यांचं म्हणणं पडलं. करत होतं ते मशीन, हे आत्ता कळतंय.

तुम्ही जिना उतरताना पायऱ्या पुटपुटत मोजता, त्यावरून ताई तुमची टर उडवायची. समजा तुम्ही ठरवलंत की अठरा होईतो उतरायचं, आणि प्रत्येक पायरीवर शून्यच म्हणत राहिलात, तर तळघर फोडून खाली जाल. मशीनचं तेच झालंय. प्रत्येक ओळीआधी ते स्वतःला विचारतं, आकडा साडेचारशेपेक्षा कमी आहे का? शून्य आहे, म्हणजे कमीच. मग विणतं. या फिरून फिरून करण्याला आम्ही लूप म्हणतो. विणून झालं की आकडा एकने वाढवायचा असतो. ती सूचना ताईने लिहिलीच नाही. मोजणी मशीनने स्वतः ठेवायची असते. तुम्ही कितीही ओरडलात तरी त्याला ऐकू जात नाही.

माझ्या वर्गात दरवर्षी निम्मे जण हेच विसरतात. तेव्हा मनाला लावून घेऊ नका. बटण बंद करा आणि जेवा.

लोभ आहे तेवढा राहू द्या, त्याला लूप लावू नका.

धाकटी


१७ जानेवारी

चि. धाकटीस आशीर्वाद, वि. वि.

आज शहाऐंशी मीटर. वॉचमनच्या खोलीत मांजर मफलरवर व्यायली, चार पिल्लं.

तुझं पत्र चार वेळा वाचलं, समजलं. पण बटण बंद केलं नाही. ती थांबवा म्हणाली नव्हती, थांबेल म्हणाली होती. मी बंद केलं तर तिचं चुकलं असं होईल, आणि आता ती माझ्याशी भांडायलाही येणार नाही.

म्हणून राहिलेली सूचना मीच घातली. ओळीच्या टोकाला मशीन तीन सेकंद टेकतं, तेवढ्यात नवी सूचना घेतं, असं तिच्या पुस्तकात आहे. सूचना घंटीच्या खाली, सगळ्यात शेवटी, नीट टाइप केली. तरी आकडा शून्यच.

खरं सांगायचं तर घरात तेवढाच आवाज आहे. दर दोन मिनिटांनी एक खटका. त्याची सवय झाली आहे.

प्रकृतीला जप.

भाऊजी


२१ जानेवारी

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

सूचना बरोबर, जागा चुकली. घंटीच्या खाली म्हणजे विणकाम संपल्यानंतर, आणि विणकाम संपतच नाही, तर मशीन तिथवर पोचणार कधी? 'एक ओळ विण'च्या लगेच खाली घाला, तिच्याइतकीच आत सरकवून. मग प्रत्येक ओळीला आकडा वाढेल. तिथून साडेचारशे ओळी, म्हणजे पंधरा तास. संध्याकाळी घातलीत तर सकाळपर्यंत होईल. ते आपणहून थांबेल. ताईचं म्हणणं खरं ठरेल.

खटका बंद झाल्यावर काय करायचं, ते मला कुठल्याच प्रोग्रामात लिहिता येत नाही. रविवारी मी येऊ का? आले तर दोन-तीन मीटर मला कापून द्या, आमच्या इथेही थंडी आहे.

माया असू द्या, मोजू नका.

धाकटी


२४ जानेवारी

चि. धाकटीस आशीर्वाद, वि. वि.

काल संध्याकाळी सात वाजता सूचना आत घातली. पुढच्या ओळीला आकडा एक झाला. दोन झाला तेव्हा मी डॉक्टरांना बोलावलं. ते आले, त्यांच्यामागे तोंडात कापूस धरून एक पेशंट आला, वॉचमन आला. तिसापर्यंत सगळ्यांनी उभं राहून पाहिलं. पेशंटलाही काही विचारायचं होतं, पण त्याला बोलता येईना. मग सगळे घरी गेले.

आज सकाळी दहाला आकडा चारशे एकोणपन्नास होता. एक ओळ अजून आहे हे मला कळत होतं. तरी लोकर संपत आली म्हणून सवयीने कपाटातून नवा गुंडा काढला. तेवढ्यात घंटी वाजली.

मी बरं म्हणालो.

मग खाली जाऊन वॉचमनकडून पहिलं टोक मागून घेतलं. तिथून साडेचारशे ओळी मोजल्या आणि कापलं. त्या ती असतानाच्या आहेत. गळ्याला बरोबर बसतो. त्यापुढचे तीन मीटर तुझे. मांजराचे केस झटकून घे. बाकीचा सोसायटीने जिन्यालाच ठेवायचं ठरवलं आहे.

रविवारी ये. जेवूनच जा.

भाऊजी

ता. क. सकाळी काढलेला गुंडा मी दिवसभर काखेत घेऊनच हिंडत होतो. आत्ता तो कपाटात परत ठेवला आणि कपाट लावून घेतलं.