घोगऱ्या आवाजातलं शुभवर्तमान

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

काल आमचं कोरियन नवं वर्ष, आज कपाळाला राख! फ्रीजमध्ये सणाचं तोक-गुक, तांदळाच्या वड्यांचं सूप, उरलंय, तळलेले मासे उरलेत, आणि उपवासकाळ सुरू. हे म्हणाले, "तुमच्या देवाला कॅलेंडर कुणी दाखवत नाही का?"

चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर सिस्टर एम्मांनी दारातच हात धरला. "फेलिचिता, वाचायला का उभी राहत नाहीस हल्ली?" ठाऊक असून विचारलं. मी गळ्यावरच्या व्रणाकडे बोट दाखवलं. थायरॉइडचं ऑपरेशन शरदात झालं, हिवाळाही सरत आला — आवाज काही परतला नाही. नुसती फुसफुस. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तशी. तोंग्योंगच्या बाजारात सुकी मासळी विकताना माझी हाक पार धक्क्यापर्यंत जायची! चर्चमध्ये मला माइक लागत नसे. आता तिथे ज्युलिता उभी राहते. गोड गळ्याची.

सिस्टर म्हणाल्या, "रोज सकाळी बायबलातलं त्या दिवसाचं शुभवर्तमान तोंडानं वाच. निघेल त्या आवाजात. मग दोन ओळी लिही."

आजचं वचन — दार लावून, एकांतात प्रार्थना करा. दार कशाला लावायचं? बाहेर ऐकू जातंय कुणाला!

१९ फेब्रुवारी

वाचलं. चार ओळींतच दम लागला. ठेवून दिलं.

२४ फेब्रुवारी

आज येशू म्हणतो, प्रार्थना करताना शब्दांचा रतीब घालू नका, बापाला तुमची गरज आधीच ठाऊक असते. मला हसूच आलं. बरं झालं म्हणायचं, माझ्याकडे शब्द बेताचेच!

हे लसूण सोलत टीव्ही बघत होते. टीव्हीचा आवाज एवढा मोठा की शेजारीण भिंत ठोकते. एकदम बंद केला आणि स्टूल ओढून माझ्यासमोर येऊन बसले. "वाच."

"तुम्हाला काय करायचंय?"

"बातम्यांत तरी काय असतं? चोर आणि खासदार. वाच. आणि मान वर कर — पुस्तकात तोंड खुपसून काय वाचतेस!"

जन्म गेला यांचा बोटींच्या इंजिनखोल्यांत. लेकीचं लग्न सोडलं तर चर्चची पायरी चढले नाहीत. सुरुवातीला दोन-तीनदा मीच म्हटलं होतं, चला. "देवाला माझ्या अंगाचा डिझेलचा वास सोसायचा नाही," हे उत्तर. मग मी विचारायचं सोडलं.

२ मार्च

रोज समोर येऊन बसतात. गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ! आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षीही नसतील बसले.

१२ मार्च

आजचं वाचून पुस्तक आपटलं. येशूनं मुक्याच्या अंगातलं भूत काढलं आणि तो घडाघडा बोलायला लागला. एका वाक्यात! आणि मी काय पाप केलंय? बाजारात एक गिऱ्हाईक भाव विचारत होतं, मी सांगत होते, त्याला ऐकूच येईना. शेवटी शेजारच्या गाळ्यावर गेलं. वजनकाट्यामागे तोंड लपवून रडले.

जेवताना यांनी विचारलं, "तो मुका पहिल्यांदा काय बोलला गं?"

"लिहिलेलं नाही."

"असं कसं? तेच तर लिहायला हवं होतं!"

भांडी घासताना मनात आलं, मला आवाज आला तर मी पहिलं काय बोलेन? आणि उत्तर काय आलं — ज्युलिताला म्हणेन, आता हो बाजूला! देवाची स्तुती नाही, काही नाही. आपलीच आपल्याला लाज वाटली. हसूही आलं.

१७ मार्च

आजच्या वचनात तळ्याकाठी वर्षानुवर्षं पडून असलेला आजारी. पाण्यात उतरवायला मला कुणी नाही, म्हणतो.

"बायको नव्हती का त्याला?" हे चिडून म्हणाले. खरंच चिडले!

दिवसभर मन हलकं होतं.

१९ मार्च, संत योसेफाचा सण

येशूला वाढवलं त्यानं, पण सगळ्या शास्त्रात योसेफाचा एक शब्द नाही. तरी घर चाललं.

२४ मार्च

बुसानला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नळी घालून बघितलं. म्हणाले, नस गेली, आवाज येईल अशी आशा धरू नका.

बसमध्ये वाट बघत होते — आता रडू फुटेल, आता फुटेल. नाही फुटलं. खिडकीतून समुद्र बघत आले. घरी यांनी कोवळा पाला घालून चपट्या माशाचं कालवण केलं होतं. खारट. दोन वाट्या प्यायले.

मागत होते ते मिळालं नाही. तरी मोकळं वाटतंय, जसं ओझं कुणी खांद्यावरून उतरवून घेतलं. यालाच विश्वास म्हणत असतील. इतकी वर्षं खणखणीत आवाजात वाचलं, पण तेव्हा मी माझाच आवाज ऐकत होते, बहुतेक.

२७ मार्च

ज्युलिता गाळ्यावर आली. मासळी उगाच चाळवत उभी. मग — "ताई, पवित्र शुक्रवारी येशूच्या दुःखसहनाच्या वाचनात दारावरची दासी होशील? एकच वाक्य आहे."

"या आवाजात?"

"दासी कुठे ओरडते? ती पेत्राला जवळ जाऊन विचारते." मग खाली बघून, "तुझ्या जागी उभी राहिले की माझी ओळ चुकते गं."

मी पसाभर मासळी बांधून दिली. हो म्हटलं.

३ एप्रिल, पवित्र शुक्रवार

हे आले! न विचारता! लेकीच्या लग्नातला सूट घालून.

माझी पाळी आली. माइकला ओठ टेकवले आणि पेत्राला विचारलं, तूही त्याच्याच शिष्यांपैकी ना? तीच फुसफुस. पण शेवटच्या बाकावरच्या बायकांनीही माना वर केल्या. पेत्राचं वाचणारा आमचा शिंपी उत्तर द्यायचंच विसरला! बाहेर आल्यावर बायकांनी हात धरले. सिस्टरांचे डोळे ओले.

आणि हे विचारतात, "तुझं वाक्य कधी झालं?"

"झोपला होतात?"

"खांबामागे जागा मिळाली. तू दिसली नाहीस."

दिसली नाहीस! ऐकायला दिसावं लागतं होय? घरापर्यंत एक शब्द बोलले नाही.

५ एप्रिल, ईस्टर

प्रभू उठला. आमच्या घरी अबोला. रंगवलेलं अंडं यांच्यापुढे ठेवलं, तेही मुकाट्यानं.

६ एप्रिल

त्या 'दिसली नाहीस'नं झोप लागू दिली नाही. सकाळी धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही कान जवळजवळ गेलेले — माझ्या ऑपरेशनच्या आधीपासून. ओठ बघून कळतं त्यांना, इंजिनखोलीतली सवय. "सांगितलं का नाही?" तर म्हणे, "तुझा गळा कापलेला. त्यात माझे कान कुठे आणू मध्ये?"

मी रडत म्हटलं, "म्हणजे माझा हा फाटका आवाज तुम्ही कधी ऐकलाच नाहीत?"

"कुठला फाटका? तुझे ओठ हलले की मला तुझा पहिलाच आवाज ऐकू येतो. रोज सकाळी."